वादळाची वाट आणि मजुराची हजेरी



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. सरकारने हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन केले तेही १८७५ सालीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आजच्या विषयापुरता हा योग आम्हांस बरा वाटतो. १८६४ साली कलकत्त्यावर चक्रीवादळ आले आणि हजारो माणसे दगावली. पाठोपाठ १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. तेव्हा कुठे आकाशाकडे पगारी माणसांनी लक्ष ठेवावे, असे राज्यकर्त्यांना वाटू लागले. व्याख्यानमालेने लोकांना ऐकण्याची सवय लावली आणि हवामान खात्याने सांगण्याची सोय केली. सांगणे दीडशे वर्षांत पुष्कळ सुधारले. परंतु सांगितलेले ऐकणे गरिबाला परवडते काय, हा प्रश्न आहे तेथेच आहे. त्याच प्रश्नाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रद्दीतून निवडून ठेवलेल्या पुस्तकांवर. आमच्यासारख्याच काही जणांना आभाळाचा नाद आहे. त्यांत भुसावळकडचे रेल्वेचे कामगार आहेत, बाजार समितीतले हमाल आहेत, यावल-रावेरकडचे केळीवाले आहेत, धुळ्याचे एक निवृत्त मास्तर आहेत. प्रत्येकाच्या खिशात हल्ली मोबाइल आहे, उपग्रहाचे चित्र त्यावर घटकेघटकेला दिसते, आणि वादळाची बातमी आली की आमच्यापैकी कोणाला झोप लागत नाही. लोक विचारतात, तुम्हां खानदेशच्या माणसांना समुद्रातल्या वादळाशी काय कर्तव्य? धुळ्यापासून समुद्र सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. जळगावहून तर आणखी लांब!

याचे उत्तर २०२१ सालच्या सप्टेंबर महिन्याने दिले. बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ उठले आणि २६ सप्टेंबरला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. जमिनीवर आलेले वादळ सहसा दोन दिवसांत विरून जाते. हे विरले नाही. तेलंगण ओलांडून ते मराठवाड्यात आले, मांजरेला महापूर आणला, आणि वारा ओसरला तरी पावसाचे ओझे पाठीवर घेऊन विदर्भ-मराठवाड्यावरून उत्तर महाराष्ट्राकडे सरकले. पुढे दक्षिण गुजरातेतून खंबायतच्या आखातात उतरले. तेथे कोमट समुद्र मिळताच त्याने पुन्हा बळ धरले आणि १ ऑक्टोबरला त्याचे नवे बारसे झाले, 'शाहीन'. मधल्या काळात ते साध्या कमी दाबाच्या क्षेत्रावर आले होते, म्हणून जुने नाव टिकले नाही. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले. आंध्रच्या कोळ्यांना ज्याने घाबरविले, त्यानेच आठवड्याभरात अरबांची दारे ठोठावली, आणि मधला रस्ता आपल्या डोक्यावरून गेला.

त्यापूर्वी महिनाही झाला नव्हता. ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले होते, कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. त्या भीतीवर हे नवे ढग आले. तेव्हा आम्ही मंडळी रात्र रात्र नकाशे पाहत बसलो, ते काही केवळ हौसेखातर नव्हे.

आपल्या प्रांताची एक विशेष गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस वाहतात. आपली तापी पश्चिमेस वाहते. मुलताईला उगम पावून, पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा यांना पोटात घेत ती सुरतेला जाते. उपसागरातून येणारी वादळेही बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडेच चालतात. म्हणजे आधी पाऊस पडतो वरच्या अंगाला, पूर्णेच्या खोऱ्यात. ते पाणी खाली निघते, आणि पाण्याबरोबर पाऊसही खाली चालू लागतो. वरून येणारा लोंढा आणि स्थानिक पाऊस यांची गाठ पडते. तापीचे पूर इतके अवचित मोठे का होतात, याचे हे एक मर्म आहे. हतनूरचे ४१ दरवाजे किती उघडले, हे खालच्या गावांतली माणसे पुनःपुन्हा का विचारतात, तेही यावरून कळेल. जेव्हा वादळाचा रस्ता आणि नदीचा रस्ता एक होतो, तेव्हा वादळ कोठून जाणार हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर येऊन बसतो.

आता असे पाहा, की हा रस्ता आधी कळत का नाही? चक्रीवादळ म्हणजे पाण्याच्या प्रवाहात फिरणारा भोवरा. भोवरा स्वतःभोवती फिरतो, पण त्याला वाहून नेतो तो प्रवाह. तसे वादळाला नेणारे वारे पुष्कळ उंचीवर असतात. ते जोरात आणि एका दिशेने वाहत असतील तर वादळाचा मार्ग आधीच सांगता येतो. पण दोन बाजूंना दोन जास्त दाबाची क्षेत्रे असतील आणि वादळ मध्ये सापडेल, तर दोघांच्या ओढाताणीत ते रेंगाळते. २०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय'चे असेच झाले. सुरुवातीला एक गणकयंत्र त्याला ओमानला पाठवी, दुसरे कराचीला, तिसरे कच्छला. अखेर १५ जूनला ते कच्छात जखाऊजवळ किनाऱ्यास लागले.

ताकदीचा अंदाज तर याहून अवघड. समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता साडेसव्वीस अंशांच्या वर असली तर वादळाला खाद्य मिळते. पण खालचे वारे एका दिशेचे आणि वरचे दुसऱ्या दिशेचे असले, तर त्याचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे होऊन ते मोडते. भर पावसाळ्यात अरबी समुद्र तापलेला असूनही मोठी वादळे कमी होतात, त्याचे मुख्य कारण हेच. वाळवंटाकडची कोरडी हवा आत शिरली तरीही वादळ खचते. यांपैकी कोणता पदार्थ किती मिसळणार, हे खोल समुद्रावर मोजायला माणूस नाही. उपग्रह दुरून पाहतो, आणि बाकीचे गणिताने भरून काढावे लागते.

म्हणूनच हवामान खाते एक रेषा काढून थांबत नाही. रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारा एक सुपासारखा पट्टा काढते. हा पट्टा म्हणजे वादळाचा आकार, असे अनेक जण समजतात. तसे नाही. मागल्या काही वर्षांत अंदाज किती चुकले, त्या चुकांच्या मापाने हा पट्टा आखलेला असतो. वादळाचा मध्य यात कोठेही असू शकतो, एवढेच तो सांगतो. अलीकडच्या काळात चोवीस तास आधीच्या अंदाजात सरासरी चूक सुमारे पाऊणशे किलोमीटरची, आणि बहात्तर तास आधीच्या अंदाजात सुमारे एकशे साठ किलोमीटरची पडते. आपल्या भाषेत सांगायचे, तर उद्याच्या वादळासाठी ही चूक म्हणजे जळगाव ते धुळे. तीन दिवसांनंतरच्या वादळासाठी जळगाव ते अकोला. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. पण ज्याचे घर पत्र्याचे आहे, त्याने या जळगाव-धुळ्याच्या अंतरात कोठे उभे राहावे?

२०२० सालचे 'निसर्ग' आठवा. आधी सांगितले गेले की हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात ते कोठेतरी येईल. हा पट्टा अडीचशे किलोमीटरचा! मुंबई त्याच्या बरोबर मधोमध. पुढच्या चोवीस तासांत अंदाज अलिबागजवळ आला, आणि ३ जूनच्या दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस शिरले. मुंबई वाचली, रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. तेथून पुढे दुबळे होत होत ते उत्तर महाराष्ट्रावरून मध्य प्रदेशाकडे गेले. मुंबईकर म्हणाला, अंदाज चुकला. दिवेआगरचा बागायतदार म्हणाला, अंदाज खरा ठरला. अंदाज मात्र एकच होता.

आमच्या मंडळींनी या कामात काही नियम घालून घेतले आहेत. पहिला नियम असा, की वहीत नोंद करताना बातमी कोणाची आणि किती वाजताची, हे लिहिल्यावाचून नोंद धरायची नाही. सकाळचे चित्र संध्याकाळी फिरवणारा माणूस शत्रूहून अधिक नुकसान करतो. दुसरा नियम, एकाच यंत्राच्या गणितावर भिस्त ठेवायची नाही. युरोपातले एक, अमेरिकेतले एक आणि आपल्या खात्याचे, अशी तिन्ही पाहायची. तिन्ही जवळ आली तर निश्चिंत मनाने सांगायचे, आणि तिघांची तोंडे तीन दिशांना असली तर तसेच सांगायचे. तिसरा नियम, इशारा द्यायचा अधिकार हवामान खात्याचा. आपण तो समजावून सांगायचा, वाढवून सांगायचा नाही. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरविणाऱ्याला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा आम्हांला धाक आहे तो शेजाऱ्याचा. एकदा आपल्या शब्दावरून त्याने केळीचा कच्चा घड उतरवला आणि वारा आलाच नाही, तर दुसऱ्यांदा तो आपले तोंड पाहणार नाही.

घरबसल्या करता येण्यासारख्या दोन गोष्टीही सांगतो. मास्तरांकडे जुना वायुभारमापक आहे. त्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. आपल्या मुलखात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली. नवशिक्या माणूस दुपारचा उतार पाहून वादळ आले म्हणून ओरडतो. खरी पद्धत अशी, की आज चारचा दाब काल चारच्या दाबाशी ताडून पाहावा. दुसरी गोष्ट तर फुकटची आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. वादळाचा मध्य बहुतांशी डाव्या हाताला असतो. वारा पूर्वेचा असेल तर मध्य दक्षिणेस. तोच वारा काही तासांत फिरून दक्षिणेचा झाला, तर मध्य आपल्या पश्चिमेस गेला, म्हणजे आपल्याला ओलांडून पुढे निघाला, असे समजावे. डोंगर-इमारतींच्या आडोशाने यात थोडा फरक पडतो. मोकळ्या रानात ताळा चांगला जमतो.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? आमच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचे भाकीत सांगतात. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी खानदेशातही तिची बातमी ऐकायला माणसे उत्सुक असतात. आम्ही त्या श्रद्धेची थट्टा करीत नाही. शेतकरी वर्षाच्या तोंडावर धीर शोधतो, यात हसण्यासारखे काय आहे? फरक एवढाच दाखवतो, की घटाचे भाकीत वर्षातून एकदा होते आणि मग बदलत नाही. वादळाचा अंदाज दर काही तासांनी स्वतःला दुरुस्त करतो. अंदाज बदलला की लोक म्हणतात, "यांचे काही खरे नाही." आम्ही म्हणतो, बदलला म्हणूनच त्याचे काही खरे आहे. मात्र जुना अंदाज उराशी धरून जो बसला, त्याला हे खरेपण उपयोगी पडत नाही. त्याच्यापर्यंत नवा अंदाज त्याच वेगाने पोहोचला पाहिजे.

येथे आमच्या धंद्यातला एक दाखला देतो. युनियन संपाची नोटीस देते. मग बोलणी होतात, तडजोड होते, संप टळतो. तेव्हा नोटीस खोटी होती, असे कोणी म्हणते काय? उलट, नोटीस दिली म्हणून वेळेवर हालचाल झाली, असे दोन्ही बाजू मानतात. वादळाचा इशारा ही निसर्गाच्या वतीने दिलेली नोटीस आहे. २०१९ च्या जूनमध्ये 'वायु' वादळ वेरावळजवळ येणार म्हणून गुजरातेत सुमारे तीन लाख माणसे हलवली गेली. वादळाने ऐन वेळी तोंड फिरवले आणि ते समुद्रातच रेंगाळले. तीन लाख माणसे विनाकारण हलवली, असे म्हणणारे तेव्हाही निघाले. पण ओडिशाकडे पाहा. १९९९ च्या महावादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ साली 'फायलिन' आले तेव्हा जवळपास दहा लाख माणसे आधीच हलवलेली होती, आणि मृतांचा आकडा शंभराच्याही खाली राहिला. विनाकारण हलण्याची तयारी असलेला समाजच कारण पडते तेव्हा वाचतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. इशारे कित्येक दिवस आधी दिलेले होते. तरीही बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तराहून अधिक गेली. ती सारी कष्टाची भाकरी खाणारी होती, वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. त्या वेळी शास्त्र कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. इशारा किनाऱ्यापर्यंत आला. तो ऐकून काम थांबवण्याचा अधिकार मात्र त्या कामगारांपाशी नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अंदाजात जळगाव-धुळ्याएवढी चूक राहणार, हे मान्य करू. या चुकीची किंमत कोणीतरी मोजणार, हेही उघड आहे. ती कोण मोजतो? आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. गोदामाचे नाव घेत नाही. नारिंगी इशारा होता. हमाल सकाळी कामावर आले. मालकाच्या माणसाने आभाळ पाहून फाटक बंद ठेवले. दुपारपर्यंत पाऊस आला नाही, फाटक उघडले नाही, आणि त्या दिवसाची हजेरी कोणालाच मिळाली नाही. पुढच्या खेपेस पुन्हा इशारा आला. या वेळी काम चालू ठेवले. गाडी भरता भरता वावधन आले, पत्रे उडाले, दोघे जखमी झाले. हमालांना विचारले, "इशारा होता, मग थांबला का नाहीत?" त्यांतला एक म्हणाला, "दादा, मागल्या वेळी थांबलो तर घरी चूल पेटली नाही. इशाऱ्याने पोट भरत असते तर रोज ऐकला असता." या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो माणूस अडाणी नव्हता, अंधश्रद्ध नव्हता, बेफिकीरही नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता. ज्याची रोजी रोजच्या रोज ठरते, त्याच्या दृष्टीने खोटा ठरलेला इशारा हा निश्चित तोटा आहे, आणि खरा ठरणारा इशारा ही केवळ शक्यता.

बागायतदाराचीही अशीच कोंडी होते. केळीचा घड भरत आला की झाड डोक्याने जड होते आणि पूर्वमोसमी वाऱ्यात सहज मोडते. इशारा ऐकून सगळ्यांनीच एका वेळी माल कापला, तर भाव पडतो. न कापला आणि वारा आला, तर बाग आडवी होते. पण बागायतदारासाठी हवामानावर आधारलेला पीकविमा तरी आहे. महसूल मंडळातल्या यंत्राने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोराचा वारा नोंदवला, तर त्याला भरपाई मागता येते. त्या विम्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या वेगळ्या सभेचा विषय होतील. आमचे म्हणणे इतकेच, की वाऱ्याची नोंद घेऊन झाडाची भरपाई देता येते, तर इशाऱ्याची नोंद घेऊन माणसाची हजेरी का देता येऊ नये?

हे अशक्य नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाचा पगार मंडळामार्फत जावा, त्याच्या मजुरीवर मालकाने ठरावीक लेव्ही भरावी आणि तीतून त्याला रजा, बोनस, भविष्यनिर्वाह मिळावा, ही व्यवस्था तेव्हा अनेकांना अशक्य वाटली होती. तिच्याच धर्तीवर इशाऱ्याच्या दिवसांसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवता येईल. नियम सोपा असावा. हवामान खात्याने जिल्ह्याला लाल इशारा दिला, की उघड्यावरचे काम थांबावे आणि हजेरी पूर्ण धरावी. नारिंगी असेल, तर काम थांबवायचे की नाही हे मालकाचा एक आणि कामगारांचा एक, अशा दोघांनी मिळून ठरवावे. थांबवले तर अर्धी हजेरी. वादळ आले की नाही, हे नंतर पाहून हजेरी कापायची नाही. कारण मजूर इशाऱ्याला मान देऊन थांबला, वादळाशी त्याने करार केलेला नव्हता. वर्षात असे दिवस किती येतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांचा खर्च व्यापाऱ्याला, कारखानदाराला, सरकारला वाटून घेता येईल. एकट्या हमालाला मात्र तो पेलत नाही.

मित्रहो, शास्त्रज्ञांकडे आमचे मागणे असे, की अंदाज देताना त्यातला संशय लपवू नका. "नक्की नाही" हे शब्द लाजेचे नाहीत. ते आम्हांला समजेल अशा मराठीत सांगा, किलोमीटर आणि तास घालून सांगा. आभाळाचा नाद असलेल्या तरुणांना आमचे सांगणे असे, की आपण किती आधी सांगितले याची चढाओढ करू नका; आपले ऐकून कोण हलू शकला आणि कोण हलू शकला नाही, याची वही ठेवा. आणि या सभेला आलेल्या दुकानदार, बागायतदार, कारखानदार बंधूंना विनंती अशी, की पुढचा मोसमी पाऊस आता फार लांब नाही. तो येण्यापूर्वी आपल्या गोदामात, आपल्या बागेत, आपल्या इमारतीच्या कामावर इशाऱ्याच्या दिवशी काय करायचे, हे हमाल-मजुरांशी बसून कागदावर ठरवा. आभाळ स्वच्छ असताना झालेला करार दोन्ही बाजू शांतपणे करतात. वारा सुटल्यावर जो ठरतो, त्यात एकाला भीती असते आणि दुसऱ्याला भूक. असा करार करायला ज्यांची तयारी असेल, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस जरूर भेटावे. मसुदा आम्ही सोबत आणला आहे.